बायनाक्काचा भोपळा आणि आमची न्हाणी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते घोसाळ्याचा वेल खाली ओढायचं. साताऱ्याच्या आमच्या घरामागं थोडं परडं आहे. त्यात तिनं दर पावसाळ्यात काहीतरी लावायचंच, आणि लावलेलं तिथं कधी राहायचं नाही. ह्या खेपेला घोसाळं भिंत चढून शेजाऱ्याच्या टीव्हीच्या छत्रीवर जाऊन बसलं. शेजारी भला माणूस आहे, पण त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. मी स्टुलावर चढलो. ती खाली स्टूल धरून उभी. धरून कसली, एक हात स्टुलाला आणि दुसऱ्या हातानं हुकूम. "आवं, डावीकडं. डावीकडं म्हंते मी." मी म्हणालो, "हे डावंच हाय की." तर म्हणाली, "तुमचं डावं न्हवं, वेलाचं डावं." पाच-सहा घोसाळी निघाली. संध्याकाळी तिनं त्यांची भजी केली, एक ताटली शेजाऱ्याला दिली आणि आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसून खाल्ली. मीठ कमी होतं. मी तसं बोललो. ती म्हणाली, "मग उठा आन् आणा." मी उठलो आणि आणलं. एवढंच. पुढच्या आठवड्यात ती गेली.

लोक भेटायला येतात आणि म्हणतात, बाई सोन्यासारखी होती. सोनं गप्प असतं. आमची शालन एक दिवस गप्प बसली नाही. ती मला कशी मिळाली हे आता माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, कारण त्या वेळेला तिथं जे होते ते सगळे एकेक करून गेले. म्हणून लिहायला बसलो. मी सातवी नापास माणूस, काना-मात्रा चुकेल. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, नाही घेतलं तरी माझं काही अडत नाही.

आमचं गाव कोरेगावजवळ. बापाचा थोडा ऊस, आम्ही तीन भाऊ आणि मी मधला. थोरला शेतात लागला, धाकट्याला आई सोडेना, म्हणून मधल्याला सांगलीला मामाकडं धाडलं. मामा फौजेतून हवालदार होऊन आलेला. विश्रामबागेच्या पलीकडं त्यानं प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. तेव्हा त्या बाजूला घरं कमी आणि मोकळं रान जास्त. पहाटे मिरजेकडं जाणाऱ्या गाडीची शिट्टी उशाशी वाजल्यासारखी यायची. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. मामी मला वाढताना दर वेळी म्हणायची, "घे रं, लाजू नको," आणि मी कधीच लाजत नव्हतो. सकाळी भाकरी आणि लसणाची चटणी, रात्री आमटी-भात, रविवारी मटण. एवढं मिळाल्यावर माणूस गाव विसरतो. मी विसरलो.

काम लागलं मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामात. पोती भरायची, शिवायची, रचायची. पहिल्या दिवशी घरी आलो तर मामीनं ओळखलं नाही. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. साबण लावला, दगडानं घासलं, काही उपयोग नाही. कानाच्या पाळ्या, नखं, हाताच्या रेघा, सगळीकडं हळद मुरली ती मुरलीच. रस्त्यानं जाताना बायका हसायच्या. गोदामातला मुकादम म्हणायचा, "ह्याचं लगीन निम्मं झालंया, आता निस्ती नवरी उभी करायची राहिली."

मामाला एकच वेड होतं, सरळ रेघ. परड्यात वांग्यांची रांग, मिरच्यांची रांग, रांगेच्या कडेला चुन्यानं रंगवलेले दगड. दोरी ताणल्याशिवाय त्यानं कोथिंबीरसुद्धा पेरली नाही. कुंपणाला त्यानं पांगाऱ्याचे ओले खांब तोडून आणले, मोजून मापून उभे केले आणि त्यावर तार ओढली. पहिला पाऊस झाला आणि सगळे खांब फुटले. वर्षभरात त्यांची झाडं झाली. कुणी इकडं झुकलं, कुणी तिकडं, तार सालीत रुतून बसली आणि मामाच्या लायनीचा बाजार झाला. मामा रोज सकाळी चहाचा पेला घेऊन त्यांच्यासमोर उभा राहायचा आणि एकेकाला शिव्या द्यायचा. झाडं काय ऐकतात? उन्हाळ्यात लाल फुलं आली आणि सगळ्या भागातले कावळे-साळुंक्या तिथं जमायला लागल्या. मामी म्हणायची, "तुमच्या पलटणीत आता बँडबी आला."

कुंपणाच्या पलीकडं बायनाक्का. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच मुलगी, ती शालन. बायनाक्का कॉलेजच्या मुलांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला जायची आणि येताना भाज्यांच्या बिया घेऊन यायची. लाटायला बसलं तरी हात चालू, मातीत बसलं तरी चालू. तिच्या परड्यात रेघ म्हणून नव्हती. तोंडली, कारली, वाल, दोडका, सगळं एकमेकांच्या अंगाखांद्यावर. शेवग्याची फांदी वाळवणाला काठी म्हणून रोवली तर तिला पालवी फुटली. आणि ह्या सगळ्यांचा राजा म्हणजे तांबडा भोपळा. पावसाळा लागला की तो वेल असा सुटायचा की सकाळी बघावं तर एका जागी आणि संध्याकाळी दुसऱ्या. त्यानं उकिरडा झाकला, चुलीची लाकडं झाकली, एकदा वाळत घातलेल्या लुगड्याला वेढे घातले. मग तो कुंपणावर चढला आणि आमच्या बाजूला उतरला.

मामा म्हणाला, "सरहद्द म्हंजे सरहद्द. जेवढं हिकडं यील तेवढं तोडायचं." बायनाक्का पलीकडनं म्हणाली, "वेलाला हद्द कळती व्हय? मग त्येला पेन्शन का न्हाई मिळत?" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आणि दर रविवारी कोयती घेऊन वेल तोडायचं काम माझ्यावर आलं.

आता आमच्या भागातली एक रीत सांगतो. अख्खा भोपळा बाईनं फोडायचा नाही. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं जुन्या बायका म्हणतात, म्हणून बाईनं त्याच्यावर पहिला घाव घालायचा नसतो. घरातल्या पुरुषानं एक घाव घालायचा, मग बाईनं त्याचे पाहिजे तेवढे तुकडे करावे. आता मिक्सर आले, फ्रिज आले, दुकानात चिरलेल्या फोडी मिळतात, पण शालननं शेवटपर्यंत माझ्याशिवाय भोपळा फोडला नाही. एकदा मी चार दिवस गावी गेलो तर तोवर भोपळा तसाच कोपऱ्यात बसून. मी म्हणालो, "अगं, काय हुतंय?" ती म्हणाली, "काय हुतंय ते बघायला माझ्याकडं दुसरा नवरा न्हाई."

तर बायनाक्काच्या घरात पुरुष नाही आणि परड्यात भोपळे उदंड. ती दिसेल त्या पुरुषाला हाक मारायची. पोस्टमननं पिशवी खाली ठेवायची, एक घाव घालायचा आणि पुढं जायचं. दूधवाला, भंगारवाला, एकदा तर विजेचं बिल घेऊन आलेल्या माणसालाही तिनं सोडलं नाही. मामा शेजारीच राहायचा, पण त्याच्याशी भांडण. मग एक दिवस मी कुंपणापाशी कोयती घेऊन उभा होतो आणि पलीकडनं हाक आली, "ए हळद्या! हातात हत्यार हायच तर हिकडं ये. भोपळा फोडायचाय."

मी कुंपणावरनं उडी मारून गेलो. शालननं पाट मांडून त्यावर भोपळा ठेवला होता. मला बघून तिनं तोंडाला पदर लावला. मी कोयती उचलली, सगळा जोर लावला, आणि भोपळा पाटावरनं निसटून थेट चुलीपर्यंत गेला. ती म्हणाली, "पाट फोडायचा न्हवता." बायनाक्का हसून हसून खाली बसली. दुसऱ्या घावाला फुटला. आत भगवा भडक, बियांचा वास घरभर. मी निघालो तर बायनाक्का म्हणाली, "बस. फोडणाऱ्याला खाल्ल्याबिगर सोडत न्हाईत." शालननं गुळाच्या घाऱ्या केल्या, गरम, कडा कुरकुरीत, वर तुपाचा थेंब. मी किती खाल्ल्या ते तिनं मोजलं आणि पुढं पन्नास वर्षं येईल त्या पाहुण्याला सांगितलं. दर वेळी आकडा वाढत गेला.

त्यानंतर त्या घराला भोपळे फार लागायला लागले. कालचा अर्धा शिल्लक असताना आज दुसरा. सगळ्या गल्लीत भाजी वाटली, भरीत झालं, बिया वाळवून भाजल्या. बायनाक्का म्हणायची, "अगं, कोण खातंय एवढं?" शालन म्हणायची, "नासतोय त्यो. देठ बघ." देठाला काही झालेलं नसायचं. एकदा मी वेलावरच्या कोवळ्या फळाकडं बोट दाखवून म्हणालो, "त्यो कवा फोडायचा?" तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. "बोट दावू नको, कुजंल. दावायचं तर मूठ करून दाव." मग मी मूठ करून दाखवली. मग ती म्हणाली, "त्येला लय येळ हाय." मग मी म्हणालो, "मला काय घाई न्हाई." एवढंच बोलणं झालं, आणि दुसऱ्या दिवशी गोदामात मी पोतं उलटं शिवलं.

आणि रविवारचं वेल तोडणं? ते मी करत होतो, पण माझ्या पद्धतीनं. मामा बघेल अशी दोन-चार पानं छाटायची आणि शेंडा हळूच पांगाऱ्याच्या मागून आमच्या न्हाणीच्या पत्र्यावर चढवायचा. मामा फौजेतला, बारा महिने उघड्यावर नळाखाली आंघोळ करणारा. न्हाणी मामीची, त्यामुळं तिच्या मागच्या अंगाला तो कधी जायचा नाही. सकाळी कामावर जायच्या आधी मी तिथं जायचो. पलीकडनं शालन यायची, वाढलेला शेंडा उचलून कुंपणावरनं माझ्याकडं द्यायची. मी तो गोदामातल्या सुतळीनं बांधायचो. "ह्यो घे." "दे." "फुल मोडू नको." "न्हाई मोडत." कधी कधी एकाच दिवशी तीन शेंडे निघायचे. वेल पण शहाणा होता. न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडायचं तिथं चिखल असायचा, त्या चिखलात तो आडवा पडला, हातपाय पसरले आणि तिथनं दुप्पट जोमानं वाढला. मामीला सगळं दिसत होतं. ती गुपचूप फुलं काढायची आणि बेसनात बुडवून भजी करायची. मामा खाताना विचारायचा, "ही फुलं कुठली?" मामी म्हणायची, "बाजारातली." "बाजारात भोपळ्याची फुलं मिळत्यात?" "तुमी बाजारात कवा गेलाय?" भजी ताटात शिल्लक राहायची नाहीत.

मी आता म्हातारा झालो, गुडघे गेले, दुपारी झोप लागत नाही. त्या वेळेस बसल्या बसल्या ती न्हाणीमागची ओल, पत्र्यावर तापलेल्या पानांचा वास आणि पलीकडनं येणारा तो बांगड्यांचा हात मला दिसतो. एवढं सुख मला पुढं पोरं झाली तेव्हाही झालं नाही. पोरांनी वाचलं तर वाचू दे, खरं ते खरं.

दसरा झाला आणि विट्याकडनं स्थळ आलं. मुलाचं मद्रासकडं गलाईचं दुकान, सोनं गाळायचं. विट्याकडची कितीतरी माणसं अशी देशभर पसरली आहेत. मुलगा एकुलता, स्वभावानं गरीब, हुंडा नको म्हणतात. बायनाक्काचे पाय जमिनीवर ठरेनात. एकट्या बाईनं पोळ्या लाटून वाढवलेली मुलगी, तिला असं घर मिळतंय म्हटल्यावर कुठल्या आईला आनंद होणार नाही? शनिवारी संध्याकाळी तिनं मला कुंपणापाशी हाक मारली. "हळद्या, उद्या पाव्हणं येत्यात शालीला बघायला. तुमच्या न्हाणीवर ह्यो मोठा धरलाय न्हवं, त्यो उतरव आन् सकाळी फोडून दे. घाऱ्या करायच्या."

मी म्हणालो, "आक्का, माझी कंबर धरलीया."

शालन मोरीवर भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "भोपळा कमरंनं फोडत्यात व्हय?"

बोलायचं काय? गोदामातला हमाल मी, मामाच्या घरात राहणारा, बापाला ठाऊक नाही, तिला कधी विचारलं नाही. ती राखेनं पातेलं घासत राहिली. असं घासलं की पातेल्याला भोक पडेल. मी घरात येऊन कंबर धरल्यासारखा आडवा पडलो. मामीनं तेल गरम करून आणलं आणि कंबर चोळता चोळता म्हणाली, "हिथं दुकत न्हाई तुझं. कुठं दुकतंय ते मला ठावं हाय, पर तिथं तेल लावता येत न्हाई."

रविवारी सकाळी बायनाक्का कुंपणापाशी आली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मामाशी बोलली. "हवालदार, तुमच्या न्हाणीवर माझा भोपळा हाय."

मामा म्हणाला, "माझ्या न्हाणीवर हाय म्हंजे माझा."

"पोरीला बघाय पाव्हणं येत्यात."

मामानं चहाचा पेला खाली ठेवला. "पोरीच्या कामाला मी न्हाई म्हननार न्हाई," म्हणाला, आणि स्वतः शिडी लावून पत्र्यावर चढला. मी खाली उभा. वर गेल्यावर तो बराच वेळ दिसेना. तिथं त्यानं काय बघितलं ते मला पुरतं ठाऊक होतं. पत्रा सगळा हिरवा, आणि पांगाऱ्यापासून पत्र्याच्या टोकापर्यंत हात-हात अंतरावर सुतळीची गाठ. मामानंसुद्धा परड्यात कधी आखली नसेल अशी सरळ रेघ. आणि सुतळी हळदीनं पिवळीधम्मक. मामा भोपळा काखेत घेऊन उतरला. माझ्याकडं बघितलं, माझ्या कमरेकडं बघितलं, सुतळीचा तुकडा खिशात घातला आणि भोपळा घेऊन बायनाक्काच्या घरात गेला. जन्मात पहिल्यांदा.

बायनाक्का म्हणाली, "आता एवढा फोडूनबी द्या." मामा सोप्यात पाट ओढून बसला आणि म्हणाला, "घाई करू नका, आक्का." ती चुलीपाशी तेल मांडून येरझाऱ्या घालते आणि मामा पाय पसरून बसलेला. रविवार, पोस्टमन नाही. दूधवाला येऊन गेलेला. आणि तेवढ्यात पाहुणे आले, सांगितल्या वेळेच्या आधी. मुलाचा बाप फेट्यात, मुलगा टेरिलीनच्या शर्टात. मी पांगाऱ्याच्या फटीतनं बघत होतो.

म्हाताऱ्यानं पाटावरचा अख्खा भोपळा बघितला, बायनाक्काची गडबड बघितली आणि त्याच्या ध्यानात आलं. मन मोठं होतं त्याचं. "पुरुष माणूस न्हाई म्हणून अडलं व्हय? आवं, आमचा पोरगा हाय की. उठ रं, फोड."

मुलगा उठला. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पाटाशेजारची कोयती उचलली. शालन पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. तिनं तांब्या खाली ठेवला, पाटासमोर बसली आणि भोपळ्यावर हात ठेवला.

"तुमी नगा फोडू."

मुलगा कोयती घेऊन तसाच उभा. "का वं?"

"आमच्यात फोडणारा ठरल्याला हाय."

बायनाक्का झारा हातात घेऊन चुलीपासनं पुढं आली. "कोण ठरलाय? मला कसं ठावं न्हाई? कोण हाय त्यो?"

शालन भोपळ्यावरचा हात काढेना आणि नावही घेईना. तेव्हा मामानं खिशात हात घातला आणि तो पिवळा तुकडा बाहेर काढून पाटावर ठेवला. "असली सुतळी सांगलीत कुणाच्या हातात असती, आक्का? माझ्या न्हाणीवर चढून बघा, सगळा वेल बांधून काढलाय." मग कुंपणाकडं तोंड करून ओरडला, "ए! कंबर धरल्याल्या! हिकडं ये."

मी उडी मारून गेलो. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मी पाटाकडं. बायनाक्का म्हणाली, "वेल चढवाय येतोय, संसार चढवाय येतोय का तुला?" मी म्हणालो, "न्हाई येत. शिकंन." शालन म्हणाली, "आई, त्येचा एकट्याचा काय गुन्हा न्हाई. शेंडा मी द्यायची." हे ऐकून बायनाक्कानं कपाळाला हात लावला.

विट्याचा मुलगा माझ्याकडं वर-खाली बघत होता. माझी नखं, माझे कान, माझी मान. मग त्यानं कोयती उलटी करून मूठ माझ्यापुढं धरली आणि बापाला म्हणाला, "आबा, ह्येला तर हळदबी लागलीया. हळद लागल्यावर आपुन काय बोलायचं?" म्हातारा आधी रागावून उठला होता. तो मुलाकडं बघत राहिला, मग त्याच्या मिशा हलल्या, आणि तो जो हसला तो खोकला येईपर्यंत. मामाही हसला. मी एकच घाव घातला. भोपळा पाटावरनं हलला नाही, मधोमध दोन झाला.

दारी आलेला पाहुणा उपाशी जात नसतो. बायनाक्कानं घाऱ्या केल्या. अशा रागानं केल्या की झारा कढईवर वाजत होता आणि एकेक घारी तेलात आपटत होती. पण गोड झाल्या. विट्याच्या मुलानं सगळ्यात जास्त खाल्ल्या आणि म्हणाला, "एवढ्या लांबनं आलोय, थोड्या बांधून तरी द्या." शालननं केळीच्या पानात बांधून दिल्या. पुढं त्याचं लग्न दुसरीकडं चांगलं झालं. मद्रासकडनं आला की तो आमच्याकडं यायचा, तिला भोपळेवाल्या वहिनी म्हणायचा आणि मला, "भाऊ, कंबर कशी हाय?"

पाहुणे गेले आणि हसणं संपलं. मामा म्हणाला, "आक्का, ह्येच्या बापाला सांगाय मी कोरेगावला जातो, तुमी फकस्त व्हय म्हणा." ती व्हय म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. दिवस कलला तशी तीच कोयती घेऊन ती परड्यात आली, वेलाच्या बुडाशी बसली आणि एका घावात वेल तोडला. बुडखा उपटून उकिरड्यावर फेकला आणि आत जाऊन दार लावलं. आम्ही तिघं कुंपणाच्या अलीकडनं बघत होतो. मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझी फुलं गेली," म्हणाली. पण ती फुलांसाठी रडत नव्हती. मामा पांगाऱ्यांना एकही शिवी न देता आत गेला. माझ्या मनात आलं, सुकलेला वेल पत्र्यावर बघत इथं राहायचं नाही, गावाला परत जायचं.

सकाळी उजाडताच मी न्हाणीमागं गेलो. सुतळ्या सोडून घ्याव्यात एवढंच मनात होतं. कुंपणापलीकडं वेलानं माना टाकल्या होत्या, पानं चिंध्यांसारखी लोंबत होती. आणि कुंपणाच्या अलीकडं सगळं ताठ. पत्र्यावर पानं पसरलेली, दव पडलेलं आणि मोठाली पिवळी फुलं उघडलेली, त्यात माश्या शिरलेल्या. मी खाली वाकून चिखलात बघितलं. जिथं वेल आडवा पडला होता तिथं प्रत्येक पेरापाशी त्यानं मुळं सोडली होती, बोटभर लांब, घट्ट धरलेली. मामा चहा घेऊन मागं येऊन उभा राहिला होता. न्हाणीमागं तो त्या दिवशी पहिल्यांदा आला. त्यानं पण वाकून बघितलं. "आयला," म्हणाला, "ह्यो तर आपल्यात भरती झाला." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "अंगुळ कर. आन् उडी मारून जाऊ नको."

मी नळाखाली आंघोळ केली, मामाचा इस्त्रीचा शर्ट घातला, तो मला खांद्यात मोठा होत होता. मामीनं टोपलीत फुलं काढून दिली. मी आमच्या पुढच्या दारानं निघालो, रस्त्यावर आलो आणि वळसा घालून बायनाक्काच्या पुढच्या दाराशी गेलो. इतके दिवस त्या घरात जात होतो पण ते दार मी बाहेरून कधी बघितलं नव्हतं. दार उघडंच होतं. तरी कडी वाजवली.

बायनाक्का सोप्यात जोंधळे निवडत बसली होती. तिनं वर बघितलं, शर्ट बघितला, टोपली बघितली.

"मेला न्हाई व्हय वेल?"

"न्हाई आक्का. तिकडं मुळं धरली त्येनं."

आत भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. बायनाक्कानं सुपातले निम्मे जोंधळे एका ताटात ओतले आणि ताट दाराच्या बाजूला सारलं.

"खडं बारीक हायती," म्हणाली. "नीट बघून काढ."

मी टोपली उंबऱ्याच्या आत ठेवली, चपला काढल्या, भिंतीला टेकून बसलो आणि जोंधळे निवडायला लागलो.